काळजाची जागा

माणसाचे काळीज नेमके कोठे असते, याविषयी आपल्या भाषेने आपली मोठी फसवणूक केली आहे. काळीज धडधडते, काळीज फाटते, काळजाचे पाणी पाणी होते, आणि हे सारे बोलताना आपला हात नकळत छातीच्या डाव्या बाजूला जातो. पण खाटकाच्या दुकानात उभे राहून काळीज मागा. तो तपकिरी, गुळगुळीत आणि हाताला जड असा जो तुकडा तागडीत टाकील, ते यकृत असते. म्हणजे या बाबतीत खाटीक बरोबर आणि कवी चूक. संस्कृत कोशांत यकृताला 'कालखंड' असेही एक नाव आहे. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाच्या हाती असा शब्द लागला, की त्याला दोन दिवस दुसरे काही सुचत नाही. मलाही सुचले नव्हते. पुढे त्या शब्दाचा अर्थ घरातच पाहायची वेळ येईल, हे तेव्हा कुठे ठाऊक होते?

मी तालुक्याच्या गावी चित्रकला शिकवतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. दाखल्यावर काहीही लिहिलेले असो, आमच्या आईच्या तोंडी अखेरपर्यंत तोच शब्द होता. त्यावर चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा दिल्या आणि एका संस्थेने मला ठेवून घेतले. चित्रकलेच्या मास्तराला शाळेत बिनपगारी कामे पुष्कळ असतात. स्नेहसंमेलनाचे पडदे त्याने रंगवायचे, पाहुण्यांच्या स्वागताचा फळा त्याने लिहायचा, आणि विज्ञानाच्या बाईंना हव्या त्या आकृत्या त्यानेच काढून द्यायच्या. त्यामुळे गेली वीस वर्षे दरसाल मी आठवीच्या फळ्यावर माणसाचे यकृत काढीत आलो आहे. उजव्या बरगड्यांच्या आड, श्वासपटलाच्या खाली, पाचरीसारखा आकार. खाली पित्ताशयाची हिरवी पिशवी. वजन सुमारे दीड किलो. शरीरातील सर्वांत मोठी ग्रंथी. हे सारे मी तपकिरी खडूने इतके झोकात काढीत असे, की मुले टाळ्या वाजवीत. त्या तपकिरी रंगाच्या आत काय चालते, याचा मात्र मी कधी विचार केला नव्हता.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, आणि १९८७ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो गावातल्या छापखान्यात खिळे जुळवायला लागला. माझ्या शाळेची फी, वह्या, रंगपेटी सारे त्या खिळ्यांतून आले. मी दुपारी डबा घेऊन जायचो तेव्हा त्याचे काम पाहात उभा राही. डाव्या हातात स्टिक, उजवा हात केसच्या खणांवरून फिरतो आहे, नजर समोरच्या कागदावर. कोणते अक्षर कोणत्या खणात, हे त्याच्या बोटांना पाठ. आमच्या डोळ्यांना जे उलटे दिसे, ते तो सरळ वाचल्यासारखे वाची. लग्नपत्रिका, हँडबिले, बाजार समितीची पावतीपुस्तके, कारखान्याचे अहवाल. गावातले सारे शुभाशुभ आधी त्याच्या बोटांतून जाई. छापून झाले, की बांधलेला मजकूर सोडून एकेक खिळा पुन्हा आपल्या खणात टाकायचा. हे काम इतरांना कंटाळवाणे वाटे. दादा ते मन लावून करी. "जुळवणं सोपं रे," तो म्हणे, "जागच्या जागी परत टाकणं अवघड."

२००३ साली छापखान्याच्या मालकांनी ऑफसेट आणले आणि खिळे भंगारात विकले. पोत्यांत भरून, किलोच्या भावाने. मी माझ्या कादंबरीत लिहिले आहे, की त्या रात्री नायकाने पहिला पेला ओठाला लावला. वाचकांना तो प्रसंग फार आवडला. पण खरे तसे नव्हते. दादा त्याच्याआधीही पीत होता, शनिवारी, पगाराला, कुणाच्या लग्नाला. हातांना काम होते तोवर ते डोळ्यांवर येत नव्हते, इतकेच. पुढे तो एका झेरॉक्सच्या दुकानात बसू लागला आणि शनिवारचे रोजचे झाले.

आमच्या घरात कोणी त्याला दारुडा म्हटले नाही. दारुडा म्हणजे काय, हे आम्हांला नाटकांनी शिकवले होते. गडकऱ्यांचा 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आला, आणि तेव्हापासून मराठी माणसाच्या मनात दारू पिणारा म्हणजे सुधाकर, आणि त्याच्या घरी रडणारी सिंधू. दादा तसा नव्हता. तो कधी गटारात पडला नाही, वहिनीवर त्याने कधी हात उगारला नाही, पोरीच्या शाळेची फी चुकवली नाही. रात्री नऊ वाजता पडवीत बसून तो एक क्वार्टर संपवी आणि निमूटपणे जेवून झोपे. हे आम्ही कौतुकाने सांगत असू. "पितो, पण त्रास नाही कुणाला." त्रास आत कोणाला तरी होतो आहे, हे मनात आले नाही, कारण तो जो आत होता, तो बोलत नव्हता.

पुढे डॉक्टरांनी मला एक हिशेब घालून दिला. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. त्यात निव्वळ मद्यार्क सुमारे ६० ग्रॅम. रोज एक धरली, तर वर्षाला जवळजवळ २२ किलो. दहा वर्षांचे २२० किलो. आणि यातला बहुतेक सगळा मद्यार्क ज्याने एकट्याने निस्तरायचा, त्या अवयवाचे वजन दीड किलो. मी चित्रकलेचा मास्तर असलो, तरी एवढे गणित मला येते. ते २००३ सालीच मांडून पाहायला मला कोणी अडवले नव्हते.

यकृताला मद्यार्क साठवून ठेवता येत नाही. हातातली इतर कामे बाजूला सारून ते आधी त्याच्या मागे लागते. पहिल्या पायरीला मद्यार्काचे ॲसिटाल्डिहाइड होते, आणि ते मूळ दारूपेक्षा जहाल. दुसऱ्या पायरीला त्याचे ॲसिटेट होते, ते निरुपद्रवी. पण पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मधल्या वेळात पेशी पोळतात. इकडे चरबी जाळण्याचे नेहमीचे काम तुंबते, आणि ती चरबी यकृतातच साठू लागते. रोज भरपूर पिणाऱ्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाचे यकृत असे चरबीने भरते. त्याने दुखत नाही, ताप येत नाही, भूकही फारशी मोडत नाही. आणि या वेळी दारू सोडली, तर काही आठवड्यांत ती चरबी निघून जाते, जणू काही झालेच नव्हते. इतका क्षमाशील अवयव शरीरात दुसरा नाही. त्याचा अर्धाअधिक भाग कापून काढला, तरी तो पुन्हा वाढतो. पण क्षमा करणाऱ्या माणसांचे घरात जे होते, तेच त्याचे झाले. ते तक्रार करीत नाही, म्हणून त्याला काही होत नाही असे आम्ही धरून चाललो.

दुसरा टप्पा सुजेचा. यकृत सुजते, पेशी मरू लागतात, आणि डोळे पिवळे होतात. दादाचे डोळे २०१४ सालच्या मे महिन्यात पिवळे झाले.

आता मला जे सांगायचे आहे, ते येथून पुढे आहे.

गावातल्या डॉक्टरांनी दादाच्या उजव्या बरगडीखाली बोटे दाबून पाहिली, रक्त तपासले, सोनोग्राफी करवली आणि मला एकट्याला आत बोलावले. "मास्तर, कावीळ हा रोग नव्हे," ते म्हणाले. "कावीळ हे लक्षण. आपल्या तांबड्या पेशी चारएक महिन्यांनी जुन्या होतात, मोडीत निघतात. त्यांतून जे पिवळं द्रव्य सुटतं, ते यकृत पित्तात घालून बाहेर काढतं. ते काम बंद पडलंय. आणि ते दूषित पाण्यानं पडलेलं नाही, दारूनं पडलंय. आता सोडली तर अजून हाताशी आहे. नाही सोडली, तर पुढचं माझ्या हातात नाही."

मी बाहेर आलो. बाकावर दादा, वहिनी आणि आई तिघे माझ्या तोंडाकडे पाहात होती. आणि मी म्हणालो, "कावीळ आहे."

तेवढेच म्हणालो. खोटे एक अक्षर बोललो नाही. पण कावीळ म्हटल्यावर आईचा जीव भांड्यात पडला. कावीळ कुणालाही होते. कावीळ पाण्यामुळे होते, उन्हामुळे होते, बाहेरच्या उसाच्या रसामुळे होते. आळीत सांगायला तो एक चांगला शब्द होता. कुणी म्हणाले, इतकी वर्षे शिशाचे खिळे हाताळले, त्याचीच ही बाधा. आम्ही त्यालाही मान डोलावली. दादाने माझ्याकडे एकदा पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला तेव्हाच कळला होता. त्याला कोणी तरी तो दुसरा शब्द उच्चारायला हवा होता, आणि कोणी उच्चारला नाही म्हणून त्याला हायसेही वाटले होते.

शेजारच्या गावी कावीळ उतरवणारे एक गृहस्थ होते. आम्ही दादाला तेथे नेले. त्यांनी झाडाच्या काड्यांची बारीक माळ गुंफून त्याच्या डोक्यावर ठेवली. काड्या वाळतात, गाठी सैलावतात आणि माळ लांबत जाते. डोक्यावरची माळ गळ्यात येते, गळ्यातली छातीवर, आणि माळ उतरली की कावीळ उतरली. त्यांनी चुन्याच्या पाण्याने त्याचे हात धुतले, पाणी पिवळे झाले, वहिनीने हात जोडले. ते गृहस्थ सज्जन होते. त्यांनी आमच्याकडून फक्त नारळ घेतला आणि पथ्य सांगितले : तेल नको, तिखट नको, आणि दोन महिने दारूचा थेंब नको.

दोन महिन्यांनी दादाचे डोळे पांढरे झाले. माळेने नव्हे, त्या दोन महिन्यांत यकृताला अकरा वर्षांतली पहिली उसंत मिळाली होती, म्हणून. पण श्रेय माळेला गेले. आणि माळेने कावीळ बरी केली म्हटल्यावर, पथ्यही कावीळ असेतोवरचेच ठरले. गणपतीत दादा पुन्हा पडवीत बसला. मी समोर होतो. "आता कावीळ गेली ना," तो म्हणाला, आणि माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. तो शब्द मीच त्याच्या हाती दिला होता.

काविळीने आजारलेल्याला जग पिवळे दिसते, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती खरी नाही. त्याला जग होते तसेच दिसते. जगाला तो पिवळा दिसतो. आणि जगाने पाहायचे नाही असे ठरवले, तर त्याला आरसाही उपयोगी पडत नाही.

तिसऱ्या टप्प्याला सिऱ्हॉसिस म्हणतात. हे नाव १८१९ साली लॅनेक या फ्रेंच वैद्याने दिले, ज्याने स्टेथोस्कोप काढला तोच. रोग्यांच्या मृत्यूनंतर यकृत उघडून पाहताना त्याला त्यावर पिवळट-तपकिरी गाठी दिसल्या, आणि त्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून त्याने रोगाचे नाव ठेवले. रंगावरून नाव ठेवणारा हा माणूस मला आमच्या धंद्यातला वाटतो. जखम झाली की व्रण होतो, तसे यकृतात पुन्हा पुन्हा पोळून व्रणांचे धागे विणले जातात. मधल्या पेशी वाढायला पाहतात, पण त्या व्रणांच्या जाळ्यात अडकून गाठीगाठींनी वाढतात. मऊ, गुळगुळीत यकृत खडबडीत आणि टणक होते. शंभर अट्टल पिणाऱ्यांत हे दहा-वीस जणांचेच होते. म्हणून तर प्रत्येक पिणाऱ्याजवळ ऐंशी वर्षे जगलेल्या एका पिणाऱ्या मामाची गोष्ट असते. दादाजवळही होती.

टणक झालेल्या यकृतातून रक्त जाईना, की ते मागे तुंबते. आतड्यांकडून येणारे रक्त आडवाटा शोधते आणि अन्ननलिकेच्या शिरा फुगतात. पोटात पाणी साठते. आपले जुने लोक त्याला जलोदर म्हणत. २०१६ साली दादाचे हातपाय काड्यांसारखे झाले आणि पोट आठव्या महिन्यातल्या बाईसारखे. तळहात लाल, छातीवर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक तांबड्या शिरा. जिल्ह्याच्या इस्पितळात सुई घालून एका वेळी पाच-पाच लिटर पाणी काढीत, आणि पंधरवड्यात ते पुन्हा भरे. डिसेंबरात त्याला रक्ताची उलटी झाली. तांब्याभर. वहिनीने ती आपल्या लुगड्याच्या पदराने पुसली आणि मला निरोप पाठवला : "भावजी, लवकर या. यांची कावीळ उलटली." अडीच वर्षांनंतरही तिच्याजवळ दुसरा शब्द नव्हता. तो तिला कोणी दिलाच नव्हता.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून फुगलेल्या शिरांना रबराच्या कड्या घातल्या. दादा त्यातून उठला. त्या दिवसापासून त्याने दारूला स्पर्श केला नाही. कोणी सांगावे लागले नाही. त्या वेळीही सोडण्याला अर्थ असतो. व्रण पुसले जात नाहीत, पण पुष्कळांना त्याने काही वर्षे मिळतात. दादाला पाच महिने मिळाले.

त्या पाच महिन्यांत जे झाले, त्याला मी तयार नव्हतो. आतड्यांत तयार होणारा अमोनिया निरुपद्रवी करून लघवीवाटे घालवणे हेही यकृताचेच काम. ते थांबले, की ते विष मेंदूपर्यंत जाते. दादा दिवसा झोपू लागला आणि रात्री जागा राहू लागला. हात पुढे करायला सांगितले, की पंजे पक्ष्याच्या पंखांसारखे फडफडत. एकदा डॉक्टरांनी त्याच्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर १ ते २५ आकडे विखरून लिहिलेले होते, ते रेघेने क्रमाने जोडायचे. माझ्या आठवीतली मुले हे अर्ध्या मिनिटात करतात. दादाने ७ पर्यंत रेघ नेली आणि पेन्सील हवेत धरून थांबला. हजारो खिळ्यांतून न पाहता हवे ते अक्षर उचलणारी ती बोटे. तो माझ्याकडे वळून लाजल्यासारखा हसला आणि म्हणाला, "बापू, कुणी तरी केस उपडी केली रे. सगळे खण मिसळले."

औषधाने पोट साफ झाले, की विष उतरे आणि तो चार दिवस पूर्वीसारखा होई. अशाच एका स्वच्छ सकाळी त्याने माझ्या कादंबरीचा विषय काढला. ती २०१३ साली निघाली होती. तेव्हा त्याने ती दोन रात्रींत वाचली होती आणि ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका एका चिठ्ठीवर लिहून दिल्या होत्या. नायकाविषयी तो एक शब्द बोलला नव्हता. नायक कोण, हे गावात प्रत्येकाला कळले होते. शेवटच्या प्रकरणात तो नायक पावसाळी रात्री देवळाच्या पायरीवर बसून, छातीवर हात ठेवून प्राण सोडतो. त्या दीड पानाचे एका परीक्षकाने कौतुक केले होते.

"तुझा माणूस फार सुखात मेला," दादा म्हणाला.

मी काही बोललो नाही.

"दीड पानात. पोट नाही, काही नाही. आणि छातीवर हात ठेवलास त्याचा." त्याने आपला कापरा हात उचलून उजव्या बरगडीखाली ठेवला. "काळीज इथं असतं रे. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त कर."

त्याच्या आवाजात राग नव्हता. चिठ्ठीवरच्या अकरा चुकांत त्याने बाराव्वी चूक घातली, इतकेच.

मे २०१७ मध्ये दादा गेला. तीन आठवडे लागले. त्यातले शेवटचे नऊ दिवस तो कोणाला ओळखत नव्हता. वय पंचेचाळीस. दहाव्याला लोकांनी विचारले, काय झाले होते? आई म्हणाली, कावीळ. मी जवळच उभा होतो आणि त्या दिवशीही गप्प राहिलो. म्हाताऱ्या बाईला सुतकात काय दुरुस्त करायचे, अशी मी मनाची समजूत घातली. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली नाही. ते एका परीने बरेच झाले. दीड पानाच्या जागी मी काय लिहिले असते, ते अजून मला ठरवता आलेले नाही.

शाळेत मी अजून यकृत काढतो. मात्र आता बाईंची परवानगी घेऊन एकाच्या जागी दोन काढतो. पहिले नेहमीचे तपकिरी, दुसरे लहानखुरे, गाठीगाठींचे, पिवळट. दुसऱ्याला मुले टाळ्या वाजवीत नाहीत.

गेल्या वर्षी तास संपल्यावर एक मुलगा मागे रेंगाळला. डस्टर घेऊन फळा पुसायला आला, पण दुसऱ्या यकृताच्या जवळ येऊन थांबला. दाराकडे पाहून, हळू आवाजात म्हणाला, "सर, डोळे पिवळे व्हायच्या आधी कळतं का?"

"कळतं," मी म्हणालो. "रक्त तपासलं की कळतं. सोनोग्राफीत दिसतं. आणि घरातल्या माणसांना त्याच्याही आधी कळतं."

त्याने मान हलवली. मग त्याने पहिले यकृत पुसले, पित्ताशय पुसले, आणि दुसरे तसेच ठेवून डस्टर जागेवर ठेवला.

"वडील आहेत का घरी संध्याकाळी?" मी विचारले.

"नऊपर्यंत असतात तसे चांगले," तो म्हणाला.

शाळा सुटल्यावर मी त्याच्याबरोबर चालत निघालो. त्याच्या दप्तराचा एक बंद तुटला होता, तो मी वाटेत गाठ मारून दिला. घरी जाऊन काय बोलायचे, हे मी ठरवले नव्हते. कावीळ होण्याची वाट पाहायची नाही, आणि झाली असेल तर तिला नुसती कावीळ म्हणायचे नाही, एवढेच मनाशी घट्ट धरून चाललो होतो.